दाण्यांतील तंतु आणि वस्तूंतील तंतु

भिंतीला भोकें पाडणाऱ्या विजेच्या ड्रिलचें कवच पुष्कळदां ज्या पदार्थाचें असतें, तो नुसता नायलॉन नसतो. त्यांत वजनानें सुमारें ३० टक्के कांच तंतुरूपानें मिसळलेली असते. कांच ठिसूळ खरी, पण तिचा १० ते १५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याएवढा तंतु ताणाला पोलादी तारेसारखा टिकतो.

मात्र तो पुरेसा लांब हवा. आखूड धाग्याच्या कापसाचें सूत ओढतांच सुटतें, तसेंच येथें घडतें. प्लॅस्टिक आपल्यावरील भार तंतूच्या पृष्ठभागावाटें त्याच्याकडे सोंपवितें. तंतु आखूड असल्यास तो तुटण्यापूर्वींच आपल्या जागेंतून निसटतो. हें गणित अँथनी केली आणि त्यांचे सहकारी टायसन यांनीं १९६५ सालीं धातूंत बसविलेल्या तंतूंसाठीं मांडलें; तेंच प्लॅस्टिकलाही लागू पडतें.

जेथें आघात सोसावयाचा, तेथें लांब तंतूंचा महाग दाणा वापरतात. त्यांत तंतु १० ते १२ मिलिमीटर लांब असतो. तयार वस्तूंत त्याची सरासरी पुष्कळदां एक-दोन मिलिमीटरांवर येते! यांतील बरीच मोडतोड सांच्यापूर्वींच, तापलेल्या नळकांड्यांत होते. तेथें फिरता स्क्रू दाणे पुढें ढकलीत वितळवितो. तप्त भिंतीलगत द्रवाचा पातळ थर, आंत अजून घट्ट दाणे. तंतूचें एक टोंक घट्ट भागांत रुतलेलें आणि दुसरें वेगानें सरकणाऱ्या द्रवांत! तो वाकतो आणि मोडतो. उरलेले तंतु द्रवाच्या रेट्यानें वांकून, परस्परांवर आणि अरुंद वाटांत घांसून, पुन्हां तुटतात.

वस्तु पाहून यांतलें कांहींच कळत नाहीं. वजन तेंच, रंग तोच, कांचेचें प्रमाणही तेंच. ताठपणाच्या कसोटीलाही ती बहुधा उतरते, कारण ताठपणाला बरीच आखूड लांबी पुरते. उणीव उघडी पडते ती आघात बसल्यावर. म्हणून पिशवीवरील टक्केवारीपेक्षां, नमुन्यांतील प्लॅस्टिक भट्टींत जाळून मागें राहिलेले तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं मोजणें, हाच मला खरा दाखला वाटतो.

उपाय साधे आहेत, पण घाईच्या कारखान्याला ते मानवत नाहींत: स्क्रू सावकाश फिरविणें, त्यावरील बॅक प्रेशर कमी ठेवणें, सांच्याचें गेट रुंद करणें. आणि टाकाऊ तुकडे दळून पुन्हां दाण्यांत मिसळले, तर आधींच तुटलेला तंतु त्याच नळकांड्यांतून दुसऱ्यांदां जातो.