मूल मोजायचं कशात?

11 डिसेंबर 1992 रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा स्वीकारला आणि दर पाच वर्षांनी आपल्या मुलांचा हिशेब जगापुढे मांडण्याचं बंधन पत्करलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरीही त्याच सुमारास झाली. हक्क मिळाले की नाही, हे आता योजनांच्या यादीवरून नव्हे, तर मुलाच्या उंची-वजनावरून तपासता येणार होतं.

त्या मापांनी बरंच दाखवलं. पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण 2005-06 मध्ये 48 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 35.5 टक्क्यांवर आलं. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण याच काळात 47.4 वरून 23.3 टक्क्यांवर उतरलं. ही प्रगती खरी आहे. महाराष्ट्राने मात्र स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये: 2015-16 आणि 2019-21 या दोन फेऱ्यांत इथलं खुजेपण 34.4 वरून 35.2 टक्के झालं.

शिक्षणाचं माप सरकारबाहेरून आलं. मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ने 2005 मध्ये ‘असर’ ही पाहणी काढली. दर जिल्ह्यात 30 गावं, प्रत्येक गावात 20 घरं. स्वयंसेवक शाळेत न जाता थेट ओट्यावर बसतो आणि मुलाच्या हातात एक कागद देतो: अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर वाचेल, तिथे खूण. आईबापही शेजारी बसून ऐकतात, आणि हजेरीपटावर कधीच न दिसणारी गोष्ट त्यांना तिथल्या तिथे कळते.

2010 मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या अनुसूचीत वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, शिक्षकसंख्या यांचे निकष आले. मुलाला वाचता यायला हवं, हा निकष आला नाही. 2024च्या ‘असर’मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 48.8 टक्के मुलांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता आली.

पण कुटुंब आरोग्य सर्वेक्षण आणि ‘असर’ या दोन्ही पाहण्या घर धरून चालतात. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेलं किंवा फुटपाथवर राहणारं मूल त्यांतून सहज निसटतं. 2011च्या जनगणनेत 5 ते 14 वयाची एक कोटीहून अधिक मुलं कामावर होती. 2021ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे बालमजुरीच्या चर्चेत अजून तोच आकडा फिरतो. पुढच्या जनगणनेत प्रगणकांनी उसाच्या फडावर, वीटभट्टीवर आणि सिग्नलवरही मुलं मोजावीत, यासाठी बालहक्कांचं काम करणाऱ्यांनी आत्ताच आग्रह धरायला हवा.