खटल्याचा खर्च कोणी द्यायचा?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या टेबलाशी येणाऱ्या बहुतेक बायका आधी कुठेतरी पैसे भरून आलेल्या असतात. मी तिथे विधी स्वयंसेवक म्हणून बसते. गळ्यातलं मोडून वकिलाची फी दिलेली असते, पावती नसते, दावा दाखल झाला की नाही हेही नक्की ठाऊक नसतं. पुढच्या तारखेला द्यायला काही उरलं नाही की कोणीतरी आमचं ऑफिस दाखवतं.

‘ताई, फुकटचा वकील नीट लढेल का?’ हे जवळजवळ प्रत्येकजण विचारते. पॅनेलवरच्या वकिलांचं मानधन तुटपुंजं असतं आणि काही जण तारखा चुकवतात, हे मी लपवत नाही. पण खाजगी केस लढावी तितक्याच तळमळीने उलटतपासणी घेणारेही इथेच पाहिलेत. काम समाधानकारक नसेल तर सचिवांना लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागता येतो. या वकिलाने पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. मागितला तर तीही तक्रार करावी.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्नाची अट नाही. माहेर सधन आहे, म्हणून कोणी तिला परत पाठवू शकत नाही. पुरुषांनाही हा मार्ग खुला आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये उत्पन्नाची. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींना तीही नाही. शिवाय घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत बायकांना आपल्या राज्यात 1994 पासून कोर्ट फी माफ आहे. तरीही ‘कोर्ट फी’ म्हणून पैसे दिलेल्या बायका मला भेटतात, आणि तेव्हा फार संताप येतो.

याहून मोठी गोष्ट हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. नवरा-बायकोपैकी ज्याच्याकडे स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही, त्याला दावा चालू असतानाच दुसऱ्याकडून दरमहा खर्च आणि खटल्याचा खर्चही मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत हा अर्ज निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तो रेंगाळतो. म्हणून तो पहिल्याच तारखांना द्यावा, असं मी आवर्जून सांगते.

या अर्जासोबत मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र लागतं. नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केलं. ते भरणं हे आमच्या टेबलावरचं सगळ्यात जिकिरीचं काम. मासिक खर्चाच्या रकान्याशी एक बाई थबकली. ‘काही नाही लिहा. भावाकडे राहते मी.’ मग आम्ही एकेक विचारत गेलो. दूध कोण आणतं? मुलीच्या रिक्षाचे पैसे? आईची औषधं आणताना तुमच्या थायरॉइडच्या गोळ्याही त्यातच येतात ना? वह्या, गणवेश, मोबाइलचा रिचार्ज, कोर्टात यायचं एसटीचं भाडं. ती बोटं मोजू लागली, मग पिशवीतून शाळेच्या फीच्या पावत्या निघाल्या. भावाने भरलेला पैसाही तिचाच खर्च होता, आणि रकाना कोरा राहिला असता तर खावटी ठरवताना तो कोणी धरलाच नसता.

समोरच्या शपथपत्रात बरेचदा ‘सध्या बेरोजगार’ असं असतं. अशा वेळी जुनी पगारपत्रकं, विम्याचा हप्ता, गाडीच्या कर्जाचा कागद कामी येतो. घर सोडताना यांचे फोटो काढता आले, तर पुढे फार उपयोग होतो.

आधीचा वकील बाकी फीसाठी कागद अडवून धरतो, ही नेहमीची अडचण. फीसाठी पक्षकाराची फाइल ठेवून घेण्याचा वकिलाला हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच ठरवलं आहे. उरलेली फी तो वेगळा दावा लावून मागू शकतो. फाइल मात्र द्यावीच लागते. आम्ही मागणीचं पत्र लिहून देतो, पोहोच घ्यायला सांगतो.

आदेश झाल्यावरही पैसे आपोआप येत नाहीत. दोन-तीन महिने थकले की वसुलीचा अर्ज करावा लागतो. तोही आमच्याकडूनच दाखल होतो, आणि त्यासाठीही फी लागत नाही. ऑफिस लांब पडत असेल तर 15100 वर फोन करा, किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची खोली विचारा.