बशीत जिंकलेली, मेंदूत हरलेली औषधे

2011 च्या जनगणनेत अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या 45 लाख 43 हजार होती. क्रॉइट्झफेल्ट-याकोब (सीजेडी) हा मेंदूचा आजार जगभर दर दहा लाखांमागे वर्षाला एक-दोघांना होतो. तेच प्रमाण इथे लावले, तर जिल्ह्यात दरवर्षी चार ते नऊ माणसे त्याने जात असणार. साठीतला धडधाकट माणूस बघता बघता विसरू लागतो, चालताना झोक जातो, अंगाला हिसके बसतात आणि बहुतेकदा वर्ष उलटायच्या आत सगळे संपते. घरच्यांना वाटते लकवा असेल, नाहीतर म्हातारचळ. जामखेड किंवा अकोल्याहून मेंदूच्या डॉक्टरपर्यंत पोहोचून एमआरआय आणि मणक्यातल्या पाण्याची तपासणी होईपर्यंत हातात फारसा वेळ उरत नाही.

या आजारात जंतू नसतो. आपल्याच चेतापेशींवरचे एक प्रथिन चुकीची घडी घेते आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावते. दुधात विरजण पडावे तसे. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी 1982 मध्ये त्याला ‘प्रिऑन’ हे नाव दिले. 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

ही साखळी तोडणारे औषध शोधतात ते उंदराच्या पेशींमध्ये. मेंढ्यांच्या ‘स्क्रेपी’ या आजाराचे प्रिऑन या पेशींत घालून त्या बशीत वाढवतात, त्यांवर औषध सोडतात. काही दिवसांनी पेशी फोडून त्यात प्रोटीनेझ-के हे पाचक विकर घालतात. चांगले प्रथिन पार विरघळते, प्रिऑनचा चिवट गाभा मागे उरतो आणि तपासपट्टीवर त्याचे काळे पट्टे दिसतात. औषध लागू पडले की पट्टे पुसट होत जातात.

हे पट्टे पुसणाऱ्यांत आपली हळदही आहे. 2003 मध्ये अमेरिकेतल्या बायरन कॉही यांच्या गटाने दाखवले की हळदीतल्या कर्क्युमिनच्या अवघ्या 10 नॅनोमोलर इतक्या सौम्य द्रावणाने अशा पेशींत साठणारे प्रिऑन निम्म्यावर येतात. पण त्याच गटाने हॅमस्टरना खाण्यातून कर्क्युमिन दिले, तेव्हा आजार लांबला नाही. म्हणून प्रिऑनवर उतारा म्हणून कोणी हळदीच्या कॅप्सूल विकत असेल, तर आधीच खचलेल्या घराने त्यावर एक पैसाही घालवू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

मलेरियावरच्या क्विनाक्रिनचेही तेच झाले. 2001 मध्ये त्याने पेशी साफ केल्या. औषध आधीच माणसांत वापरलेले असल्याने रुग्णांना लगेच देता आले. ब्रिटनमधल्या 107 रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल 2009 मध्ये आला: आजाराच्या वाटचालीत ठोस फरक नाही. आयएनडी-24 या नव्या रसायनाने उंदीर जास्त जगले, पण प्रिऑन त्यालाही निर्ढावले, आणि माणसाच्या सीजेडी प्रिऑनवर त्याची मात्रा चाललीच नाही.

बशीतल्या पेशी सतत विभागतात. प्रिऑनची वाढ थोडी मंदावली, तरी असलेले प्रिऑन नव्या पेशींत वाटले जाऊन विरळ होतात. मेंदूतल्या चेतापेशी विभागत नाहीत, तिथे साठलेले साठतच राहते. शिवाय घडीच्या जाती अनेक: एकीवर चालणारे औषध दुसरीवर चालेलच असे नाही.

त्यामुळे आता रोख बदलला आहे. हे प्रथिनच नसलेल्या उंदरांना स्क्रेपी होत नाही, हे झुरिकमध्ये 1993 मध्येच सिद्ध झाले होते. मग चुकीच्या घडीमागे धावण्यापेक्षा मूळ प्रथिनच कमी का करू नये? आई 2010 मध्ये प्रिऑनच्या आजाराने गेल्यावर तोच जनुकदोष स्वतःत असल्याचे कळलेल्या सोनिया वल्लभ वकिली सोडून पती एरिक मिनिकेल यांच्यासह याच कामाला लागल्या. प्रथिन बनवण्याचा निरोपच पेशीत नष्ट करणारे आयओएन-717 हे औषध मणक्यातल्या पाण्यात टोचतात. त्याची माणसांवरची चाचणी सुरू झाली आहे.

अशी औषधे लक्षणे दिसण्याआधी दिली तरच सर्वाधिक उपयोगी पडतील, असे उंदरांवरचे प्रयोग सांगतात. सीजेडीच्या साधारण 10 ते 15 टक्के रुग्णांत आजार आनुवंशिक असतो. म्हणून घरात निदान झाले, तर रुग्णाच्या रक्तातली जनुकतपासणी तो हयात असतानाच करून घ्यावी. दोष सापडला, तर भावंडांनी आणि मुलांनी आपली तपासणी करायची की नाही, हे समुपदेशकाशी बोलून ठरवता येते.