समुद्रकांठचें गवत : गोल्फचीं मैदानें आणि द्रोणागिरीची खारजमीन

भाताच्या जाती, खतें आणि बांधबंदिस्ती हे नेहमींचे विषय सोडून आम्ही ह्या अंकांत गोल्फच्या खेळाविषयीं लिहीत आहों, ह्याचें कित्येक वाचकांस नवल वाटेल. हा खेळ आपला नव्हे, आणि तो खेळणारे लोक आपल्या गांवांत क्वचितच येतात, हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या खेळास एका मैदानासाठीं शंभर ते दीडशें एकर जमीन लागते, जो गवत, माती, निचरा आणि पाणी ह्या चार गोष्टींवर सर्वस्वीं अवलंबून आहे, आणि ज्याच्या मैदानापायीं नव्या मुंबईंत उच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलें, त्याची माहिती जमीनधारकानें मुळींच करून घेऊं नये हें शहाणपणाचें नाहीं. उरण तालुक्यांतील मंडळींस तर ती अवश्य असावी.

खेळाचे नियम थोडक्यांत असे : लहान, कठीण चेंडू निरनिराळ्या दांड्यांनीं मारीत नेऊन दूरच्या खळग्यांत घालावयाचा. असे खळगे अठरा. ज्यास सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. ह्याहून अधिक खेळ समजून घेण्याचें आपणांस कारण नाहीं. आपणांस मैदान पाहावयाचें आहे.

गोल्फच्या कोणत्याहि मैदानास 'लिंक्स' म्हणण्याची कित्येकांस संवय आहे. ती चुकीची आहे. लिंक्स हा स्कॉटलंडांतील शब्द असून समुद्राची पुळण आणि नांगराखालची जमीन ह्यांच्यामधल्या उंचसखल, वालुकामय पट्टीस तो लावितात. वाऱ्यानें आणलेली वाळू सांचून तेथें टेंकाडें झालीं. त्या वाळूंत धान्य पिकेना, म्हणून नांगर तिकडे फिरकला नाहीं. फेस्क्यू आणि बेंट ह्या जातींचीं बारीक पात्यांचीं, काटक गवतें तेथें आपोआप माजलीं. मेंढ्या आणि ससे तीं चरून आंखूड ठेवीत, आणि त्यांच्याच लेंड्यांचें खत जमिनीस मिळे. मेंढ्या वाऱ्याच्या आडोशास ज्या खोलगट जागीं बसत तेथील गवत झिजून वाळू उघडी पडली, व तेच पुढें खेळांतील अडथळ्याचे खड्डे झाले, असें सांगतात. पाऊस पडला कीं पाणी वाळूंतून झिरपून जातें. जमीन टणक राहते. चेंडू हवेंत उंच उडविण्यापेक्षां जमिनीसरसा धांवविणें बरें पडतें. झाड औषधासहि नसतें, त्यामुळें वारा हाच खेळाडूचा मुख्य प्रतिस्पर्धी. असलें मैदान कोणी बांधलें नाहीं, तें सांपडलें. खर्च काय तो खळगे पाडण्याचा.

ह्या मैदानांत सर्वांत प्रसिद्ध सेंट अँड्रूज गांवचें. तेथील गोष्ट आपल्या वाचकांस खेळापेक्षां अधिक रुचेल, कारण ती गांवच्या सामाईक जमिनीची आहे. सन १४५७ त स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें तिरंदाजीचा सराव बुडतो म्हणून गोल्फवर बंदी घातली होती. यावरून खेळ किती जुना हें दिसतें. सन १५५२ त तेथील आर्चबिशपानें सनद करून दिली, तींत लिंक्सवर खेळण्याचा गांवकऱ्यांचा हक्क मान्य झाला आणि आर्चबिशपास तेथें ससे पाळण्याची मोकळीक मिळाली. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस गांवची नगरसभा कर्जांत बुडाली व १७९७ सालीं ती जमीन विकली गेली. नव्या मालकांकडून सशांचे व्यापारी आले, त्यांनीं जागोजाग ससे सोडले. बिळांनीं मैदान पोखरलें. गांवकरी आणि व्यापारी ह्यांच्यांत वीस वर्षें कज्जे आणि मारामाऱ्या झाल्या. सन १८२१ त शेजारच्याच एका जमीनदारानें ती विकत घेऊन खेळास मोकळी ठेविली, आणि १८९४ सालीं नगरसभेनें ती परत घेतली. आज ती एका कायद्यानें नेमलेल्या विश्वस्त मंडळाकडे आहे. गेलेली गायरान जमीन परत मिळविण्यास त्या गांवास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां दुसऱ्या तऱ्हेचीं मैदानें पाहूं. एकोणिसाव्या शतकांत खेळ समुद्र सोडून आंतल्या मुलखांत गेला, तेव्हां लोकांस पहिली अडचण मातीची आली. चिकणमातीच्या रानांत हिंवाळ्यांत चिखल आणि उन्हाळ्यांत भेगा. त्यांतल्या त्यांत लंडनजवळच्या सरे परगण्यांत रेताड, आम्लधर्मी माळ होते. त्यांवर जीं मैदानें झालीं त्यांस 'हीथलँड' म्हणतात. स्वभावानें तीं लिंक्सचींच चुलतभावंडें. परंतु बहुसंख्य मैदानें झालीं तीं 'पार्कलँड' जातीचीं : मोठमोठे वृक्ष, मऊ व दाट हिरवळ, तळीं, जमिनीखालून चर व नळ घालून केलेला निचरा आणि वरून फवाऱ्यांचें पाणी. गवत कापण्याचें यंत्र १८३० साली बडिंग नांवाच्या इंग्रजानें काढलें नसतें, तर हा प्रकार जन्मासच आला नसता. मेंढ्यांनी असली हिरवळ राखणें अशक्य. अमेरिकेंतील ऑगस्टा येथील विख्यात मैदान १९३३ सालीं उघडलें, तें एका जुन्या फळझाडांच्या रोपवाटिकेच्या जागेवर, आणि रोपवाटिकेंतील झाडें अजूनहि त्याची शोभा आहेत. त्याचा आंखणीकार डॉक्टर मॅकेंझी लिंक्सचा मोठा भक्त होता. तरी जमीन लिंक्सची नव्हती, म्हणून मैदानहि तसें झालें नाहीं. ऍरिझोनाच्या वाळवंटांत तर चोहोंकडे निवडुंग आणि मध्यें पाणी पाजून जगविलेल्या हिरव्या पट्ट्या, अशीहि मैदानें आहेत. त्यांचें आम्हांस कौतुक वाटत नाहीं.

हिंदुस्थानांत हा खेळ फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना समजतात. मुंबईस चेंबूरचें मैदान १९२७ सालचें. कमी पावसाच्या गांवीं पूर्वीच्या खेळाडूंनीं एक काटकसरीची युक्ति केली होती : खळग्याभोंवतीं हिरवळीऐवजीं तेल मिसळून दाबलेल्या वाळूचा चौथरा करीत, व त्यास 'ब्राऊन' म्हणत. पाण्याचा खर्च नाहीं, गवताची निगा नाहीं. आम्हांस हा प्रकार सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आणि आपल्याकडच्या मैदानांवर गवत कोणतें, हें ऐकून वाचक हंसतील. तें म्हणजे आपली हरळी. देशावरचे शेतकरी जिच्या काशा वेंचून वेंचून थकले, जिच्यासाठीं खोल नांगरट करून ढेंकळें उन्हांत तापवितात, तीच हरळी परदेशांत 'बर्म्युडा' ह्या नांवानें पोसली जाते, आणि तिच्या निवडक जातींचीं रोपें पैसे मोजून विकत घेतात. फेस्क्यू हें थंड हवेचें गवत. तें कोंकणांत टिकणार नाहीं. म्हणून लिंक्सचें पहिलें अंग, म्हणजे तिचें गवत, येथें मुळांतच मिळत नाहीं.

आतां द्रोणागिरीकडे वळूं. उरणचा हा डोंगर चढून माथ्यावर गेलें म्हणजे आपल्या मुलखाची रचना एका दृष्टिक्षेपांत कळते. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस करंज्याची खाडी, ईशान्येस न्हावा-शेव्याचें बंदर. पूर्वीं उरण हें बेटच होतें, व त्यास करंजा बेट म्हणत. बेट आणि मुख्य भूमि ह्यांच्यामध्यें भरतीचें पाणी खेळे. त्या खाजणांत बांध घालून पूर्वजांनीं भातशेतें आणि मिठागरें केलीं. कुलाबा जिल्ह्यांत शिलोत्री म्हणून जी जमीनधारणेची पद्धत होती, ती ह्याच कामांतून निघालेली : शिलोत्रीदारानें बाहेरचा बांध राखावयाचा आणि त्याबद्दल कुळांनीं त्यास धान्य द्यावयाचें. स्वातंत्र्यानंतर १९४८ त आणि पुन्हा १९७९ त खारजमिनींविषयीं कायदे झाले, व पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. त्या आमच्या वाचकांस सांगावयास नकोत.

म्हणजे समुद्र आणि शेत ह्यांच्यामधली पट्टी आपल्याकडेहि आहे. परंतु स्कॉटलंडची पट्टी वाळूची, तर आपली चिखलाची. तिकडे पाणी खालीं जातें. इकडे तें उघाडीच्या दारानें ओहोटीस बाहेर काढावें लागतें. तिकडे वर्षभर मिळून सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस थोडथोडा पडतो. इकडे दोन हजारांहून अधिक पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. पहिल्या पावसाचें पाणी शेतांत कोंडून, क्षार धुवून, तें उघाडीनें सोडलें तरच भात होतो. खेंकड्याच्या बिळानें उधाणाच्या वेळीं बांधास खांड गेली, तर पुढले दोनतीन हंगाम जातात. असल्या जमिनीवर लिंक्स होऊं शकत नाहीं. भराव घालून वर गवत लाविलें तर त्यास समुद्रकांठचें पार्कलँड म्हणावें. समुद्र दिसतो एवढ्यावरून लिंक्स म्हणणें म्हणजे मिठागरास हिमालय म्हणण्यासारखें आहे.

नांवाचा हा वाद आम्ही उगाच घालीत नाहीं. लिंक्स म्हटलें कीं स्वस्त, नैसर्गिक आणि निरुपद्रवी असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनांत येतो. खरा हिशेब निराळा आहे. अठरा खळग्यांच्या मैदानांत वीस हेक्टर हिरवळ पाण्याखालीं धरली आणि कोरड्या दिवसांत रोज पांच मिलिमीटर पाणी दिलें, तर रोजचे दहा लाख लिटर झाले. पावसाळ्यानंतरचे आठ महिने धरले तर चोवीस कोटि. रानसईच्या धरणावर आधीं कोणाची तहान आहे, आणि हेटवण्याच्या पाण्याकडे पेणचे शेतकरी व नवीं शहरें दोघेहि कसे डोळे लावून आहेत, हें वाचक जाणतात. सांडपाणी शुद्ध करून तें हिरवळीस देतां येतें, आणि पास्पालम नांवाचें एक गवत मचूळ पाण्यावरहि जगतें, हें खरें. पण तेंच शुद्ध केलेलें पाणी भाजीपाल्यास कां देऊं नये, ह्याचें उत्तर आम्हांस कोणी दिलेलें नाहीं.

सिडकोनें खारघर येथें डोंगराच्या पायथ्याशीं एक मैदान केलें आहे. तें दरींतलें, पार्कलँड जातीचें. त्याविषयीं आम्हांस येथें लिहावयाचें नाहीं. नेरूळचें प्रकरण निराळें. तेथील पाणथळ जागेवर, जेथें रोहित पक्षी उतरतात, गोल्फचें मैदान आणि वसाहत करण्याचा बेत होता. जमिनीच्या वापरांतील तो बदल मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द केला, व वाद पुढें सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. द्रोणागिरीच्या वसाहतीलगत पाणजे येथें तसलेंच पाणथळ आहे, म्हणून उरणकरांनीं तें प्रकरण वाचून ठेवावें.

लिंक्सच्या माहेरींहि सर्व सुरळीत नाहीं. ॲबर्डीनच्या उत्तरेस सरकत्या वाळूच्या टेंकाडांवर एका अमेरिकन धनिकानें २०१२ सालीं मैदान उघडलें. त्यासाठीं सरकती वाळू गवत लावून बांधून टाकिली. आणि वाळूचें सरकणें हेंच तेथील वैशिष्ट्य असल्यामुळें २०२० सालीं त्या टेंकाडांच्या त्या भागास संरक्षित यादींतून वगळावें लागलें. शेजारच्या एका शेतकऱ्यानें कितीहि मोल देऊं केलें तरी आपली जमीन विकली नाहीं, आणि मैदान त्याच्या कुंपणाशीं येऊन थांबलें.

आपल्याकडे कुंपणाशीं थांबण्याची चाल नाहीं. सिडकोची स्थापना १९७० सालची. जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत १६ आणि १७ तारखांस ह्याच उरण तालुक्यांत आंदोलन झालें, व पांच शेतकरी गोळीबारांत मरण पावले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. जी जमीन घेतली गेली तिच्यावर काय उभें राहतें, हें विचारण्याचा अधिकार त्या घरांस आहे असें आम्ही मानतों.

म्हणून कोणी खाजणावर मैदानाचा नकाशा घेऊन आला, तर हिरवळीचें चित्र बाजूस ठेवून त्यास कांहीं गोष्टी विचाराव्या. भरावाची उंची जुन्या गांवठाणाच्या जोत्यापेक्षां किती अधिक आहे? भरावावरून उतरणारें पावसाचें पाणी कोणत्या नाल्यानें व कोणत्या उघाडीनें खाडींत जाईल, आणि उधाण व मुसळधार पाऊस एकाच वेळीं आले तर तें कोठें थांबून राहील? हिरवळीस घातलेलीं खतें आणि कीटकनाशकें खालच्या कोळंबीच्या तळ्यांत उतरतील काय? आठ महिन्यांचें पाणी कोणत्या धरणाचें? शेवटीं, बाहेरचा बांध कोण राखणार, खांड गेली तर ती किती दिवसांत बुजविणार, आणि उघाडीचीं दारें बदलण्याचा खर्च कोणाच्या खातीं पडणार, हें करारांत तारखेसह लिहून घ्यावें, व त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरीं ठेवावी.