मोठ्या गाडीचा क्लच

भाईंदर पश्चिमेला स्टेशनपासून मुर्धा-राईच्या रस्त्यापर्यंत सकाळी फेरफटका मारला, तर छतावर पाटी लावलेल्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या छोट्या गाड्या हळूहळू जाताना दिसतात. त्यात आपल्या वस्त्यांतील मुले असतात. अलीकडे मुलीही असतात. दहावी-बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाला "लायसन्स काढून ठेव, ड्रायव्हरकी कुठेही मिळेल," हे उत्तर घराघरांतून दिले जाते. उत्तर चुकीचे नाही. परंतु लायसन्स हाती आल्यावर मुलगा नोकरीसाठी जातो तेव्हा त्याच्यापुढे उभी असते ती इनोव्हा क्रिस्टा किंवा स्कॉर्पिओ. मालक शेजारी बसतो. पोरगा क्लच सोडतो, गाडी एक उडी मारते आणि बंद पडते. दुसऱ्या खेपेला तो रेस जास्त देतो, तर गाडी सुसाट सुटते. "कळवतो," म्हणून मालक उतरतो. मुलगा घरी येऊन म्हणतो, मला गाडी येतच नाही. वास्तविक लहान गाडी त्याला चांगली येत असते.

याचे पहिले कारण ट्रेनिंग स्कूलच्या गाडीतच आहे. त्या गाडीत शिकविणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. मुलाच्या पायाने जरा घोटाळा केला की उस्ताद आपला क्लच दाबून मोकळा होतो. गाडी बंद पडत नाही, मागचा हॉर्न मारत नाही, सगळे खूष. पण वीस दिवसांत मुलाने स्वतः क्लच किती वेळा सांभाळला, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. पालकांनो, फी भरताना एवढे जरूर सांगा, की शेवटचे चार-पाच दिवस उस्तादाने आपल्या पायाखालच्या क्लचला पाय लावू नये. गाडी बंद पडेल तर पडू द्यावी.

आता यंत्राकडे वळू. इंजिन सतत फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. या दोघांचा हात हातात देणारा व सोडविणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला चिकटून क्लचप्लेट असते आणि तिला मागून दाबून धरणारी, स्प्रिंगच्या जोरावर चालणारी प्रेशर प्लेट असते. आपण पेडल दाबतो तेव्हा तो स्प्रिंगचा जोर मागे ओढतो. प्लेट सुटते व इंजिन एकटे फिरत राहते. पेडल सोडत आणले की प्लेट प्रथम घासत, मग घट्ट चिकटते. ती घासू लागते त्या जागेला ड्रायव्हर मंडळी हाफ क्लच म्हणतात. सगळी कला या दीड-दोन इंचांत आहे.

मोठ्या गाडीत काय बदलते? आम्ही पडलो कारकून, आकडे मांडल्याशिवाय समाधान होत नाही. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या इंजिनची पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, साधारण ५९ न्यूटन-मीटर होती. शिकायला वापरतात त्या एक लिटरच्या वॅगन-आरची ८९ च्या आसपास. डिझेल इनोव्हा क्रिस्टाची ३४३. म्हणजे वॅगन-आरच्या जवळजवळ चौपट. २०२२ साली आलेल्या स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेल मॉडेलची, हाताच्या गिअरची, ३७०. एवढी ताकद न घसरता धरायची तर स्प्रिंगही तितकीच दमदार लागते आणि तिचा भार शेवटी आपल्या डाव्या पायावर येतो. कंपन्या तेलाच्या दाबावर चालणारा क्लच देऊन तो भार पुष्कळ हलका करतात. तरीही पेडल लांब आणि जड लागते व हाफ क्लचची जागा वेगळी असते. लहान गाडीत पायाला लागलेली सवय येथे खोटे सांगते.

दुसरी गोष्ट टर्बोची. डिझेल गाडीला अगदी खालच्या फेऱ्यांत दम कमी असतो. टर्बोने हवा भरायला सुरुवात केली की एकदम पाठीत धक्का बसावा तशी गाडी पुढे जाते. क्रिस्टाची पूर्ण ताकद मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच हजर असते. नवशिक्या मुलगा गाडी उठत नाही म्हणून रेस वाढवतो, त्याच क्षणी क्लच पूर्ण सोडतो, आणि पुढे रिक्षा उभी असते. अशा वेळी समोर शाळेची मुले असली तर? म्हणून मोठ्या गाडीत अगोदर रेस विसरायची.

सराव असा करावा. सपाट, मोकळी जागा पाहावी. आपल्याकडे नेताजी सुभाषचंद्र बोस मैदान आहे, पण तेथे मुलांचे क्रिकेट चालते, तेथे गाडी घालू नये. उत्तनचा रस्ता पहाटे रिकामा असेल असे वाटते, पण त्याच वेळी मासळीचे टेम्पो घाईत असतात. दुपारची, रहदारी नसलेली जागा बरी. लर्निंग लायसन्स असेल तर पुढे-मागे एलची पाटी आणि शेजारी पक्के लायसन्स असलेला शिकविणारा हवाच. सीट अशी ओढावी की पेडल तळाला गेल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. उंची कमी असणाऱ्यांनी, विशेषतः भगिनींनी, यात संकोच करू नये. सीट पुढे घेणे म्हणजे कमीपणा नव्हे. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट असावा, स्लिपर नको.

पहिला गिअर टाका. उजवा पाय ब्रेकवरून उचलून बाजूला ठेवा, रेसला हात, म्हणजे पाय, लावू नका. क्लच दाबताना सगळा पाय वापरा, सोडताना टाच जमिनीला टेकवून पंजाने सोडा. एका जागी इंजिनचा आवाज खाली येतो, स्टिअरिंग किंचित थरथरते. तेथे थांबा. गाडी मुंगीसारखी सरकू लागेल. डिझेल इंजिन स्वतःच आपल्या फेऱ्या सांभाळते, सपाटीवर रेसशिवायही उठते. चार हात गेली की पुन्हा क्लच-ब्रेक. असे वीस-पंचवीस वेळा केले की पायाला ती जागा पाठ होते. नंतरच थोडी रेस. रिव्हर्समध्येही हेच करावे. गाडी मागे घेतानाही ठोकाठोकी होते.

चढाचा सराव उत्तनकडे डोंगरीच्या अंगाला करता येईल. हॅण्डब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच थरथरीपर्यंत वर, हलकी रेस. गाडीचे नाक जरासे उचलले गेले की हॅण्डब्रेक सोडा. बऱ्याच नव्या गाड्या चढावर दोन-तीन सेकंद स्वतःच ब्रेक धरतात. ती सोय उत्तम आहे, पण टेम्पोत किंवा जुन्या सुमोत ती मिळणार नाही. लग्नकार्याला वा पुण्यानुमोदनाला नाशिककडे निघालेली भरलेली गाडी कसारा घाटात ट्रकांच्या मागे थांबते, तेव्हा हॅण्डब्रेकचा धडाच उपयोगी पडतो.

काहीजण विचारतात, आता बिनक्लचच्या गाड्या आल्या, हे शिकायचे कशाला? २०१४ साली सेलेरिओपासून स्वस्त गाड्यांतही आपोआप गिअर आले हे खरे. पण २०२३ साली डिझेल क्रिस्टा पुन्हा बाजारात आली ती फक्त हाताच्या गिअरमध्ये. शिवाय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला, की हलक्या वाहनाचे लायसन्स असणारा साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यावसायिक वाहनही वेगळ्या परवानगीशिवाय चालवू शकतो. म्हणजे टेम्पोची कामे खुली झाली. तेथे क्लच आहेच.

स्टेशनजवळच्या संध्याकाळच्या कोंडीत मात्र वेगळी शिस्त हवी. पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकायचे, आणि सगळा वेळ हाफ क्लचवर, ही सवय प्लेट खाते. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चला. थांबलात तर न्यूट्रल व हॅण्डब्रेक. चालताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. जळका वास आला, किंवा रेस दिल्यावर आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरू लागली आहे. मालकाला त्याच दिवशी, शक्य तर लेखी कळवा.

कारण पुढचा प्रश्न पगाराचा असतो. क्लच जळला की खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. क्लचप्लेट ही झिजणारीच वस्तू आहे, टायरसारखी. आस्थापनेत नोकरीस असलेल्या कामगाराच्या पगारातून नुकसानीची रक्कम कापायची, तर ते त्याच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात ही तरतूद होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. कापलेली रक्कम झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणून गॅरेजचे बिल पाहायला मागा, जुनी प्लेट किती किलोमीटर चालली होती ते विचारा, आणि तुमच्या हाती गाडी आली तेव्हा मीटर किती होते ते वहीत लिहून ठेवा. नवी प्लेट बसली की हाफ क्लचची जागा बदललेली असते. त्या दिवशी साहेबांना बसविण्यापूर्वी गाडी दहा मिनिटे रिकामी फिरवून आणा.