घराला परवानगी आधीच, पण सातबारा काय सांगतो?

इ. स. १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने धुळे वाढवायचे ठरवले. तेव्हा घरे बांधणाऱ्यांना बिनभाड्याने जागा दिल्या आणि बांधकामासाठी पैशांची उचलही दिली. कुठे बांधायचे हे आधी ठरले, मग लोकांनी घरे बांधली.

स्वातंत्र्यानंतर मात्र गरिबाने चार भिंती उभ्या करायच्या म्हटल्या की तलाठी, तहसील, जिल्हाधिकारी कचेरी अशा फेऱ्या ठरलेल्याच. शेतजमिनीवर घर बांधण्याआधी बिनशेती परवानगी लागे. मजुरीचा दिवस बुडवून किती फेऱ्या मारणार? मग कुटुंबे साध्या स्टँपपेपरवर गुंठा-दोन गुंठे घेऊन मोकळी होत.

या कटकटीवर उपाय म्हणून २०१७ साली जमीन महसूल संहितेत ४२-ब, ४२-क आणि ४२-ड ही कलमे आली. विकास योजनेत जी जमीन रहिवासासाठी दाखवली आहे, किंवा जी गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे, तिला ठरलेला कर भरल्यावर वेगळी बिनशेती परवानगी मागावी लागू नये, हा त्यामागचा हेतू. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे दीड गुंठ्याच्या भूखंडासाठी कागद व शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी, अशी सोपी वाट ठेवली.

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत आपल्या वस्त्या बहुधा गावठाणाला लागूनच आहेत. म्हणजे २०० मीटरचा लाभ आपल्यालाच आधी मिळायला हवा. पण इथेच मेख आहे. आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी जुन्या महार वतनाच्या आहेत. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली आणि जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीने. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असेल, तर जागा गावठाणाला कितीही लागून असो, नजराणा आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी यांचा प्रश्न उभा राहतो. ज्या समाजाने गावाची चाकरी केली, त्याच्याच घराला जास्तीची अट!

म्हणून आमचे बंधू-भगिनींना सांगणे आहे : इसार देण्याआधी ताजा सातबारा काढा. वर्ग १ की वर्ग २ ते वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. जागा कोणत्या विभागात येते याचा दाखला नगररचना कार्यालयातून घ्या. बिनशेती होणे वेगळे आणि बांधकामाचा नकाशा मंजूर होणे वेगळे, हे विसरू नका. भरलेल्या पैशाची पावती जपून ठेवा. कायदे बदलतात, तेव्हा आजचा नियम तहसीलमध्ये लेखी विचारा.

आणि एकेकट्याने नव्हे, दहा घरांनी मिळून अर्ज करा. परवानगी आधी देऊन ठेवली, असे सरकार म्हणते. ती आपल्या उंबऱ्यापर्यंत आणणे आपल्या एकीचे काम आहे.