विश्लेषण : तळाला गेलेला संघ खरेच वाईट असतो का? ‘एक्सजी’चे गणित काय सांगते?

‘संघ चांगला खेळतोय, फक्त निकाल लागत नाहीत,’ हे हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचे ठरलेले वाक्य. त्यावरचे उत्तरही ठरलेले : ‘गुणतालिका खोटे बोलत नाही.’ फुटबॉलमध्ये हा वाद दर हंगामात रंगतो. तो केवळ चाहत्यांपुरता नसतो. प्रशिक्षकाची नोकरी आणि खेळाडूंवरचा खर्च याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो. जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडचा २०१४-१५चा हंगाम हे या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

डॉर्टमुंडचे नेमके काय झाले?

युर्गन क्लॉप यांच्या मार्गदर्शनाखाली डॉर्टमुंडने २०११ आणि २०१२ मध्ये बुंडेसलिगा जिंकली. २०१३ मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली आणि २०१३-१४ मध्ये लीगमध्ये दुसरे स्थान मिळवले. मात्र पुढच्याच हंगामात संघ कोसळला. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१४ दरम्यान शाल्के, हॅम्बर्ग, कोलोन, हॅनोव्हर आणि बायर्न म्युनिक यांच्याकडून लीगमध्ये सलग पाच पराभव झाले. हे पाचही पराभव केवळ एका गोलच्या फरकाने झाले होते.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी घरच्या मैदानावर ऑग्सबर्गने १-० असे हरवले. १९ सामन्यांत १६ गुण, १८ संघांत शेवटचे स्थान. सरासरी ८० हजार प्रेक्षक येणाऱ्या त्या मैदानात शिट्ट्या आणि आरडाओरडा सुरू झाला. गोलरक्षक रोमन वायडेनफेलर आणि कर्णधार मॅट्स हमल्स कुंपणाजवळ जाऊन संतापलेल्या चाहत्यांची समजूत काढत होते. दुसऱ्या श्रेणीत घसरण्याची भीती खरी होती.

‘एक्सजी’ म्हणजे काय?

‘एक्सपेक्टेड गोल्स’ म्हणजे अपेक्षित गोल, थोडक्यात एक्सजी. पूर्वी तशाच ठिकाणाहून, तशाच परिस्थितीत मारलेल्या हजारो फटक्यांपैकी किती गोलजाळ्यात गेले, यावरून प्रत्येक फटक्याला ० ते १ यांमधील एक आकडा दिला जातो. अंतर, कोन, फटका पायाने की डोक्याने, पास कसा आला, हे सगळे त्यात मोजले जाते. पेनल्टीचे मूल्य साधारण ०.७६ ते ०.७९ असते. तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याचे मूल्य बहुतेकदा ०.०५ पेक्षाही कमी भरते. सामन्यातील सर्व फटक्यांची बेरीज केली की संघाने किती ‘गोलच्या लायकीचा’ खेळ केला, हे कळते.

यात नशीब कुठून आले?

फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात. बुंडेसलिगात एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण तीन. त्यामुळे एखादी चूक किंवा चेंडूला लागलेला एखादा पाय अख्खा निकाल फिरवतो.

एक साधा हिशेब पाहू. एका संघाने दहा फटके मारले आणि प्रत्येकाचे मूल्य ०.१ आहे. म्हणजे अपेक्षित गोल एक. पण एकही गोल न होण्याची शक्यता किती? ०.९ ला दहा वेळा गुणले, की उत्तर येते सुमारे ०.३५. म्हणजे इतक्या संधी निर्माण करूनही तीनपैकी एका सामन्यात हा संघ गोलशून्य राहील. असे काही सामने ओळीने आले, की गुणतालिकेत संघ तळाला दिसतो.

डॉर्टमुंडबाबत आकडे काय सांगत होते?

ही आकडेमोड लिव्हरपूलमध्ये बसून एक जण करत होता. क्लबच्या संशोधन विभागाचे प्रमुख इयन ग्रॅहम मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या प्रारूपानुसार त्या हंगामातील डॉर्टमुंड हा जर्मनीतील दुसऱ्या क्रमांकाचा संघ होता आणि कमालीचा कमनशिबीही.

दोन सामने पाहा. माइन्झविरुद्ध डॉर्टमुंडने १९ फटके मारले, माइन्झने १०. पण डॉर्टमुंडने पेनल्टी वाया घालवली, चारच मिनिटांत स्वयंगोल केला आणि सामना ०-२ असा गमावला. हॅनोव्हरविरुद्ध फटके १८ विरुद्ध ७, निकाल ०-१. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आल्यानंतर ग्रॅहम यांनी त्यांच्यापुढे हेच आकडे ठेवले. त्यांनी ते सामने पाहिलेच असतील, असे क्लॉप यांना वाटले. प्रत्यक्षात ग्रॅहम यांनी फक्त आकडेवारी पाहिली होती.

मग चाहत्यांचे म्हणणे नेहमीच खरे मानायचे का?

नाही. पहिले कारण, मागे पडलेला संघ आक्रमण वाढवतो आणि आघाडीवरचा संघ मागे सरकून बचाव करतो. त्यामुळे हरणाऱ्याचे फटके आपोआप वाढतात.

दुसरे, प्रत्येक अपयश नशिबाचे नसते. २०१३-१४ मध्ये लीगमध्ये २० गोल करणारा रॉबर्ट लेवांडोवस्की बायर्नला गेला. त्याच्या जागी आलेल्या सिरो इमोबिलेला लीगच्या त्या हंगामात तीनच गोल करता आले. संधी तितक्याच असल्या तरी त्या साधणारा पाय बदलला होता.

तिसरे, नावे मोठी म्हणून संघ चांगला, हा युक्तिवाद फसवा असतो. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅमकडे जो कोल, मायकेल कॅरिक, जर्मेन डेफो, पाओलो दि कॅनियो असे खेळाडू होते. इतका चांगला संघ खाली जाणारच नाही, असे म्हटले जात होते. ४२ गुण मिळवूनही तो प्रीमियर लीगमधून बाहेर पडला.

डॉर्टमुंडचे पुढे काय झाले?

ऑग्सबर्गच्या पराभवानंतर संघाने लीगमधील सलग चार सामने जिंकले. पहिल्या १७ सामन्यांत १५ गुण मिळवणाऱ्या डॉर्टमुंडने उरलेल्या १७ सामन्यांत ३१ गुण कमावले आणि सातवे स्थान गाठले. पण गेलेले गुण परत आले नाहीत. चॅम्पियन्स लीगचे तिकीट हुकले आणि हंगामाअखेर क्लॉप यांनी क्लब सोडला. पुढच्या हंगामात थॉमस टुशेल यांच्या प्रशिक्षणाखाली संघ ७८ गुणांसह दुसरा आला. क्लॉप यांच्या लिव्हरपूलने २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२० मध्ये, ३० वर्षांनी, इंग्लंडची लीग जिंकली.

वाद घालताना काय पाहावे?

एका सामन्याचा एक्सजी पाहून निष्कर्ष काढू नये. किमान दहा-पंधरा सामन्यांचा कल पाहावा. बरोबरी असताना संघ कसा खेळतो, हे वेगळे तपासावे. विरोधी संघाला किती सोप्या संधी मिळतात, हेही पाहावे. चाहत्यांच्या चर्चेत नेमके तेच सुटते. गुणतालिका काय घडले ते सांगते, एक्सजी पुढे काय घडू शकते याचा अंदाज देतो. गुणतालिका खोटे बोलत नाही हे खरेच, पण १९व्या सामन्यानंतर ती सगळे सांगतही नाही.